कासवावरचा शिक्का

पुस्तिकेतला पहिला नियम वाचून कुरामोचींनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि नियम पुन्हा वाचला. नियम होता तसाच होता.

"कार्डावरचा मजकूर आणि ही पुस्तिका यांच्यात विरोध आल्यास कार्डाचे खरे मानावे."

"मिचियो!" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "अगं, हे बघ काय छापलंय! पुस्तिकाच सांगतेय की माझं ऐकू नका!"

मिचियोबाई सुकवलेले बांगडे भाजत होत्या. धुरातून त्यांचा आवाज आला, "मग नका ऐकू."

"अगं पण अशानं राज्य कसं चालायचं? उद्या कुणी खिडकीवर येईल आणि म्हणेल, माझ्या कागदावर लिहिलंय की मीच माझा आजोबा आहे. घ्यायची नोंद?"

"आपल्या घरात असंच चालतं की. तुम्ही नियम करता, मी फ्रिजवर चिठ्ठी लावते. कुणाचं खरं होतं?"

कुरामोचींनी पेन्सिलीनं पहिल्या नियमाच्या बाजूला बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि दुसऱ्या नियमाकडे वळले.

आता, साठी उलटलेल्या गृहस्थानं ड्रॅगन आणि सापांची कार्डं घेऊन बसावं, हे काय आहे ते सांगायला हवं. कुरामोचींनी शहर कार्यालयाच्या नागरी नोंदणी विभागात अडतीस वर्षं काढली, शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. नुमाझु शहरात कुणी जन्मलं, मेलं, कुणाचं लग्न झालं, मोडलं, सगळं त्यांच्या खिडकीवरून गेलं. खिडकीच्या वर त्यांनी स्वतःच्या हातानं, ब्रशनं लिहिलेली पाटी होती : "कोऱ्या अर्जावर सही करू नये." ही पाटी ते नुसती लावून थांबत नसत, येणाऱ्याला वाचूनही दाखवत. मार्चमध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी फुलं दिली आणि पाटीही सोबत बांधून दिली. ती पाटी देण्यात सहकाऱ्यांची सुटका किती आणि प्रेम किती, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी त्यांची एकुलती एक मुलगी होनामी जेवायला आली आणि म्हणाली, लग्न करतेय. मुलगा वाकुई तात्सुकी. स्टेशनजवळ, नूडल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं कार्डांचं दुकान आहे. लोक तिथे कार्डं विकत घेतात, बदलतात आणि टेबलांवर बसून खेळतात.

कुरामोची म्हणाले, "म्हणजे कागदी चित्रं विकतो."

बस, एवढंच वाक्य. पण ते ज्या सुरात म्हणाले तो सूर त्यांनी अडतीस वर्षांत अपुरी कागदपत्रं आणणाऱ्यांसाठी घडवला होता. होनामीनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, चपला घातल्या आणि गेली. पुढे चार आठवडे फोन नाही.

पाचव्या आठवड्यात ती आली ती विवाह नोंदणीचा अर्ज घेऊनच. आपल्याकडे लग्न म्हणजे शेवटी तो एक कागद, आणि त्यावर दोन साक्षीदार. पहिल्या चौकटीत मिचियोबाईंची सही झालेली होती. (कधी? कुठे? कुरामोचींना कुणी विचारलंच नव्हतं.) दुसरी चौकट रिकामी.

"येत्या चौदा तारखेला रविवार आहे, दिवस शुभ आहे. अर्ज त्याच दिवशी द्यायचाय, रविवारीही कार्यालयाच्या खिडकीत घेतात," होनामी म्हणाली. "त्या दिवशी सकाळी दुकानात यायचं आणि तात्सुकीबरोबर एक डाव पूर्ण खेळायचा. हरा नाहीतर जिंका, मला काही फरक पडत नाही. पण नियम शिकून, मध्येच न उठता. तो दिवसभर काय करतो ते एकदा बसून बघा, मग बोला. जमलं तर ही चौकट तुमची."

"आणि नाही जमलं तर?"

"डॉक्टर निवा तयार आहेत."

कुरामोचींचा चेहरा पडला. निवा हे त्यांचे दातांचे डॉक्टर. वीस वर्षांत त्यांनी कुरामोचींच्या चार दाढा काढल्या होत्या. दवाखाना दुकानासमोरच असल्यानं ते जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्या कोटातच खेळायला जात. दाढा नेल्या ते नेल्या, आता मुलीच्या लग्नाच्या अर्जावर माझी जागाही हाच माणूस नेणार! ज्या चौकटीत हजारो परक्या बापांच्या सह्या त्यांनी तपासल्या होत्या, त्या चौकटीत स्वतःचं नाव बघायचं एवढीच एक इच्छा या माणसानं नोकरीभर मनात जपली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

होनामीनं एक जुनी चाळीस कार्डांची गड्डी आणि पुस्तिका समोर ठेवली. "तात्सुकीची लहानपणची गड्डी आहे. जपून."

"जपून म्हणजे काय, ते मला सांगतेस?" कुरामोची म्हणाले.

अभ्यासाला सुरुवात झाली. खेळाचं नाव 'ढगदुर्ग'. दोघांनी एकमेकांचे दुर्ग पाडायचे. प्रत्येक पाळीला गड्डीतून एक कार्ड उचलायचं. एक कार्ड खाली ठेवलं की ते इंधन होतं. इंधन साठलं की प्राणी मैदानात उतरवायचा आणि प्राण्यानं समोरच्याच्या दुर्गावर हल्ला करायचा. गड्डी संपली आणि उचलायला कार्ड उरलं नाही की तो खेळाडू हरला. एवढं साधं. पण कुरामोचींच्या डोक्यात ते शिरेना, म्हणून त्यांनी सगळं कार्यालयीन भाषेत उतरवून काढलं. इंधन म्हणजे अंदाजपत्रकातली तरतूद. हातातली कार्डं म्हणजे प्रलंबित प्रकरणं. हल्ला करून आडवं केलेलं कार्ड म्हणजे रजेवर गेलेला कर्मचारी. नव्यानं उतरलेला प्राणी त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही, हे वाचून तर त्यांना भरून आलं. "परिवीक्षा काळ! अगं मिचियो, यांच्यात परिवीक्षा काळ आहे!"

एकच गोष्ट त्यांना खटकली. मेलेली कार्डं जिथे टाकतात त्या जागेला पुस्तिकेत स्मशान म्हटलं होतं, आणि तिथे कार्डं नुसती भिरकावली जात असावीत असं चित्रावरून दिसत होतं. मृत्यूच्या नोंदी घेताना प्रत्येक कुटुंबापुढे मान लववणाऱ्या माणसाला हे कसं चालावं? त्यांनी ठरवलं, एकेक कार्ड स्मशानात गेलं की हात जोडायचे.

सराव कुठे करायचा हा पुढचा प्रश्न. घरातलं जेवणाचं टेबल मिचियोबाईंनी लोणच्याच्या बरण्यांनी अडवलं होतं. म्हणून कुरामोची मोहल्ला मंडळाचं सभागृह मागायला गेले. मंडळाचे अध्यक्ष हाचिसुका ऐंशीच्या घरात होते आणि त्यांना सल्ला देण्याखेरीज दुसरं व्यसन नव्हतं.

"पत्त्यांसाठी सभागृह?" हाचिसुका म्हणाले. "कुरामोचीसान, निवृत्तीनंतर पहिलं वर्ष फार वाईट असतं. माझा मेहुणा असाच घसरला. तुम्ही काकड्या लावा."

"पत्ते नाहीत हो, कार्डं आहेत. त्यात जुगार नाही."

"मेहुणाही असंच म्हणायचा." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "प्रयोजन लिहा. इथे 'गो', 'शोगी' हे पटावरचे खेळ, मग 'व्यायाम', 'गायन' आणि 'इतर' आहेत. 'इतर' असेल तर समिती बसते. समिती बसते पुढच्या महिन्यात."

"पण मला चौदा तारखेच्या आत..."

"नियम आहे. अर्ज कुणी बनवलाय बघा की."

कुरामोचींनी खाली बारीक अक्षरात बघितलं. अकरा वर्षांपूर्वी मंडळाचे सचिव असताना तो त्यांनीच बनवला होता, आणि 'इतर'साठी समिती ही सूचनाही त्यांचीच. त्यांनी मुकाट्यानं 'व्यायाम' या शब्दाला गोल केला. आयुष्यातली पहिली खोटी नोंद. परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी ते सभागृहात गड्डी पिसायला बसले, तेव्हा 'व्यायाम' ही नोंद बघून सात म्हाताऱ्या टॉवेल घेऊन आल्या, आणि त्यांच्यासमोर कुरामोचींना पाऊण तास हात वर-खाली करावे लागले. त्याच आठवड्यात घरोघर फिरणाऱ्या मंडळाच्या सूचनाफळीवर हाचिसुकांनी एक ओळ घातली : "निवृत्त शेजाऱ्यांकडे लक्ष द्यावे. एकटेपणातून माणूस कुठेही जाऊ शकतो." नाव नव्हतं, पण तिसऱ्या गल्लीतल्या बाईंनी कुरामोचींना काकडीची रोपं आणून दिली.

या सगळ्यात तेरा तारीख उजाडली. कुरामोचींनी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली आणि शेवटच्या पानावर त्यांना हवं ते वाक्य सापडलं : "डाव संपल्यावर आपली कार्डे आपलीच आहेत याची खात्री करावी."

खात्री करावी. पण कशी? दोन माणसं, ऐंशी कार्डं, मागून सगळी सारखी. गोंधळ झाला तर? पुस्तिका यावर गप्प होती. पण अडतीस वर्षांचा अनुभव गप्प नव्हता. कागद कुणाचा हे कशावरून ठरतं?

त्यांनी कपाटातून सहीशेजारी उमटवायचा आपल्या नावाचा शिक्का काढला. सध्याच्या सरकारनं विवाहाच्या अर्जावरचा शिक्का ऐच्छिक केला होता, त्याचं दुःख त्यांच्या मनात ताजं होतं. त्यांनी एकेक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून अलगद काढलं, चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, मजकूर झाकणार नाही अशा बेतानं, 'कुरामोची' हा गोल लाल शिक्का उमटवला, टिपकागदानं टिपलं आणि कार्ड परत पाकिटात सरकवलं. चाळीस कार्डं, चाळीस शिक्के, एकही वाकडा नाही. बाटलीतला अर्धा गार चहा पिऊन ते समाधानानं झोपले.

आता कार्ड जमवणाऱ्या कुणालाही विचारा, जुन्या कार्डाच्या कडेला नख लागलं तरी त्याचा जीव कासावीस होतो. पण कुरामोचींनी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे समिती आली.

रविवारी सकाळी ते सूट घालून, टाय बांधून, चामडी बॅग घेऊन निघाले. त्या बॅगेत गड्डी, पुस्तिका आणि एक तपकिरी फाइल होती. 'जुनी कामं' म्हणून ते कुणाला तिला हात लावू देत नसत.

दुकानात होनामी होती, मिचियोबाई होत्या, आणि डॉक्टर निवा रविवार असूनही पांढऱ्या कोटात होते.

"उजवीकडची खालची कशी आहे?" निवांनी विचारलं.

"आहे तिथेच आहे," कुरामोची म्हणाले, "आणि राहणार."

वाकुई तात्सुकी हा तिशीतला उंच, वाकून चालणारा मुलगा. तो इतका खाली वाकला की टेबलाची कड कपाळाला लागली. "साहेब, आलात, उपकार झाले. प्रथेप्रमाणे आधी आपण एकमेकांची गड्डी पिसतो."

त्यानं आपली गड्डी पुढे केली आणि इथे घोळ झाला. समोरच्यानं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं की काय करायचं, हे कुरामोचींच्या हाडात होतं. ते उठले, टाचा जुळवल्या, कमरेतून वाकले, दोन्ही हातांनी गड्डी घेतली, सर्वांत वरचं कार्ड उलटून त्यावरचं नाव आदरानं मोठ्यानं वाचलं, "सातजिभ्या सर्प... वा, वा, फार छान," आणि ती गड्डी आपल्या डाव्या हाताला, आपल्या व्हिजिटिंग कार्डांच्या पाकिटावर, मानानं ठेवली. मग आपली गड्डी तशीच दोन्ही हातांनी पुढे केली. "कुरामोची. ओळख राहू द्या."

दिलेलं कार्ड परत मागत नसतात. हे तात्सुकीलाही ठाऊक होतं. होणाऱ्या सासऱ्यानं वाकून दिलेली वस्तू 'ही तुमची आहे हो' म्हणून परत कशी करायची? त्यानं दोनदा तोंड उघडून मिटलं, शेवटी तो "आभारी आहे" म्हणाला आणि डाव सुरू झाला. म्हणजे दोघेही दुसऱ्याच्या गड्डीनं खेळायला लागले.

कुरामोचींनी सुरुवातीची पाच कार्डं उचलली आणि डोळ्यांजवळ धरली. शिक्के नव्हते! एकाही कार्डावर नाही! काल लावलेला शिक्का आज गायब? हल्लीच्या शाईचा भरवसा उरला नाही, हे ते गेली पाच वर्षं म्हणत होते. पण भर डावात हे बोलायचं कसं? समोर तात्सुकीनंही पाच कार्डं उचलली आणि त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. पण त्यानं पहिलं कार्ड इंधन म्हणून खाली ठेवलं.

चार पाळ्या अशाच गेल्या. कुरामोचींच्या हातात भलतेसलते प्राणी येत होते, दोन डोक्यांचे, आग ओकणारे, पुस्तिकेत नाव नसलेले. ते प्रत्येकाला परिवीक्षा काळ देत होते आणि तो संपला तरी, कामगिरीचा अहवाल नाही म्हणून, हल्ल्याला पाठवत नव्हते. तात्सुकीच्या हल्ल्यात एक उंदीर मेला, तेव्हा त्यांनी हात जोडले. तात्सुकीनंही जोडले. मागच्या टेबलावरची दोन गिऱ्हाइकं टोप्या काढून उभी राहिली.

पाचव्या पाळीला तात्सुकीनं एक कार्ड मैदानात ठेवलं. झोपाळू कासव. कोपऱ्यात गोल लाल शिक्का.

"हे काय?" डॉक्टर निवा पुढे वाकले. "तात्सुकी, तुझ्या कासवावर 'कुरामोची' लिहिलंय!"

होनामी धावत आली. तिनं कार्ड बघितलं, तात्सुकीच्या हातातली बघितली आणि खुर्चीवर बसली. "बाबा! हे त्याचं पहिलं कार्ड आहे. तो सात वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी दिलेलं. वडील गेले पुढच्या वर्षी. तुम्ही... तुम्ही त्याला शिक्का मारला?"

खाली नूडल्सवाल्याची सुरी खटखट चालू होती. कुरामोचींना दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, शाई उत्तम होती. दोन, आपल्या हातून फार वाईट झालं होतं. "मी... आपली कार्डं आपलीच आहेत याची खात्री..." ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कलम पुरं करता आलं नाही.

"म्हणजे चौकट माझी," निवांनी खिशातून पेन काढलं. "खुणेच्या कार्डांनी खेळ बाद होतो."

"नाही होत," तात्सुकी म्हणाला. त्यानं पुस्तिका उघडून पान समोर धरलं. "नियम बावीस. खूण मागच्या बाजूला असेल तर बाद. ही पुढे आहे. आणि मजकूर कुठेच झाकलेला नाही. बघा ना डॉक्टर, किती सरळ मारलाय. कार्ड वैध आहे." मग तो कुरामोचींकडे वळला. "साहेब, गड्ड्या मात्र बदलल्यात. माझीच चूक, मी बोलायला हवं होतं. परत पहिल्यापासून मांडू या का?"

कुरामोची त्या मुलाकडे बघत राहिले. जीव हळहळत असताना हा मुलगा कलम शोधून वाचत होता, आणि तेही समोरच्याच्या बाजूचं. त्यांच्या विभागात अडतीस वर्षांत असा एकही कारकून आला नव्हता.

"सुरू झालेलं प्रकरण अर्धवट बंद करता येत नाही," ते घसा खाकरून म्हणाले. "चालू द्या."

डाव चालला. दुपार झाली. निवा दाढ बघायला जाऊन परत आले. कुरामोचींच्या मैदानावर अकरा राक्षस कामगिरीच्या अहवालाची वाट बघत बसले होते, आणि दोघांचेही दुर्ग तसेच उभे होते. होता होता दोघांच्याही गड्ड्या संपत आल्या. तात्सुकीचं शेवटचं कार्ड आधी संपलं. त्याची पाळी आली, उचलायला काहीच नाही.

"नियम नववा!" कुरामोची उभे राहिले. "गड्डी संपली तो हरला! जिंकलो! मिचियो, मी जिंकलो!"

"साहेब," तात्सुकी ओशाळून म्हणाला, "कासवावर काय लिहिलंय ते वाचता का?"

कुरामोचींनी वाचलं. "हे कासव झोपलेले असेपर्यंत, गड्डी संपली तरी त्याचा धनी हरत नाही."

"पण नियम नववा..."

"नियम पहिला," होनामी, मिचियोबाई, निवा आणि टोपी काढलेले दोघेही एकदम म्हणाले.

कुरामोचींनी कार्ड उजेडात धरलं. अमान्य करायला काही सापडतंय का बघितलं. मजकूर स्पष्ट होता. आणि खाली, अगदी सरळ, त्यांचा स्वतःचा शिक्का होता. स्वतःचा शिक्का असलेला कागद नाकारणारा माणूस त्यांना माहीत नव्हता. पुढच्या पाळीला त्यांची गड्डी संपली. त्यांनी मैदानावरच्या अकराही राक्षसांसाठी हात जोडले आणि म्हणाले, "हरलो."

होनामीनं अर्ज समोर ठेवला. "अट पूर्ण झाली, बाबा. करा सही."

कुरामोचींनी पेन काढलं, टोपण उघडलं. मग सवयीनं अर्ज वरपासून वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"हा अर्ज चालणार नाही."

"काय?" होनामी ओरडलीच.

"मुलाच्या मूळ गावाचा पत्ता नुसत्या आकड्यांत आखूड लिहिलाय. पूर्ण लिहावं लागतं. इथे खाडाखोड आहे. जन्मवर्ष चुकलंय, या हिशेबानं हा मुलगा चौदा वर्षांचा आहे. परत जाईल."

"बाबा, आज चौदा तारीख आहे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला नकोच होतं ना? सरळ सांगायचं, डावाचं नाटक कशाला केलंत?"

कुरामोचींनी बॅग उघडली, तपकिरी फाइल काढली आणि तिच्यातून एक नवा अर्ज काढून टेबलावर ठेवला. वरचं सगळं कोरं होतं. नवऱ्या मुलाचं नाव नाही, मुलीचं नाव नाही. खाली साक्षीदाराच्या एका चौकटीत नीट, सावकाश अक्षरात 'कुरामोची योशित्सुगु' लिहिलेलं होतं, आणि शेजारी शिक्का.

"हे कधी केलंत?" होनामीनं विचारलं.

"तू काड्या ठेवून गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी." ते टेबलाकडे बघून बोलत होते. "बोलू नये ते बोललो होतो. कार्यालयात जाऊन अर्ज आणला, बागेत बाकावर बसून सही केली. मग तुला फोन करायचा होता. पण... अशा फोनचा नमुना कुठे मिळेना."

होनामीनं अर्ज हातात घेतला, आणि तिच्या भुवया वर गेल्या. "पण इथे तर दोन्ही चौकटी भरल्यात. आईचीही सही आहे."

कुरामोचींनी झटकन अर्ज ओढून बघितला. खरंच होती.

"बॅग पुसताना दिसला," मिचियोबाई शांतपणे म्हणाल्या. "दोन साक्षीदार लागतात. एकच चौकट भरलेली बरी दिसत नव्हती."

"मग मी काय करू?" निवांनी पेन हातात धरून विचारलं.

तात्सुकी खाली बसून, जीभ दातांत धरून, मूळ गावाचा पत्ता पूर्ण लिहीत होता. "बाबा," तो चाचरत म्हणाला, साहेब म्हणायचं विसरून, "जन्मवर्ष एकदा बघता का?"

कुरामोचींनी चष्मा सावरला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. होनामी अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"बाबा, कोऱ्या अर्जावर सही? तुम्ही?"

कुरामोचींनी टेबलावरची आपली पुस्तिका घेतली, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या नियमाशेजारी पेन्सिलीनं काढलेलं ते बारीक प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसून टाकलं.